आपलं आपण

“आणि आंघोळ? ती तरी आपली आपण करता ना, बुवा?”

“नाही.”

हळब्यांचं पेन कागदावर थांबलं. समोर बसलेला म्हातारा चांगला काटक होता. ऐंशी कधीच उलटलेली. पण आज सकाळीच हळब्यांनी त्याला नदीच्या पायऱ्या चढताना पाहिलं होतं, खांद्यावर ओल्या धुण्याचा पिळा घेऊन. धापसुद्धा लागली नव्हती.

“म्हणजे जमत नाही?”

तायाप्पाबुवांनी जरा विचार केला.

“जमतं का नाही, ते ठाऊक नाही. कधी करून पाहिली नाही.”

आता याला काय म्हणावं? हळब्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. कागदावर दोनच चौकटी होत्या. करतो. करत नाही. तिसरी चौकट छापणाऱ्यानं ठेवलीच नव्हती.

त्यांनी ‘करत नाही’वर खूण केली. मनाविरुद्ध केली.

“जेवण?”

“पहिला घास दुसऱ्यानं भरवायचा. पुढचं आपलं आपण.”

“नखं?”

“दुसऱ्यानं काढायची.”

“बुवा, तुमचे हात धडधाकट आहेत. डोळे शाबूत आहेत. मग हे सगळं दुसऱ्यानं का करायचं?”

“नियम आहे.”

“कुणी घातला?”

“ठाऊक नाही. मी आलो तेव्हा होता.”

कृष्णाकाठी डोहगाव म्हणून खेडं आहे, तिथला हा मठ. मठ म्हणजे काय, चार खोल्या, एक ओसरी, मागं गोठा आणि सात माणसं. देव आहे, पण त्याचा बडेजाव नाही. नवसाला गर्दी होत नाही की जत्रा भरत नाही. नियम मात्र आहे, आणि तो एकच आहे. तीन कामं आपली आपण करायची नाहीत. अंगावर पाणी दुसऱ्यानं घालायचं, पहिला घास दुसऱ्यानं भरवायचा, नखं दुसऱ्यानं काढायची. मग तो आजारी असो नाहीतर पैलवान असो.

हळब्यांची मोजपट्टी, म्हणजे तो छापील कागद, सहा कामांची होती. आंघोळ, कपडे, शौचाला जाणं, उठणं-बसणं, जेवण, नखं-केस. सहापैकी बुवांना मिळाले तीन. पट्टीच्या खाली बारीक अक्षरांत छापलेलंच होतं, तीन किंवा त्याहून कमी म्हणजे परावलंबी.

पट्टी तपासून बघावी म्हणून हळब्यांनी सिदगोंडाला बोलावलं. हा मठातला सगळ्यांत धाकटा, बेचाळिशीचा गडी. गाभण म्हशीला चिखलातून एकट्यानं ओढून काढणारा. त्यालाही तेच सहा प्रश्न विचारले.

त्यालाही तीनच.

“नापास का, साहेब?” सिदगोंडानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता वैरण टाकायला निघून गेला.

हळबे चिडले. त्यांचं चिडणं समजून घ्यायला हवं. भालचंद्र हळबे हा काही ऐरागैरा माणूस नव्हे. बत्तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते. सांगलीच्या बाजारात त्यांची जीप उभी राहिली की भलेभले दुकानदार वजनं पुसायला घ्यायचे. काटा कधी खोटं बोलत नाही, खोटं बोलतो तो हात, असं ते म्हणायचे. लाच घेतली नाही, कुणाचा चहासुद्धा प्यायले नाहीत. स्वतःचा डबा, स्वतःची पाण्याची बाटली. कुणाचे उपकार म्हणून घ्यायचे नाहीत.

निवृत्त झाले. मग बायको आजारी पडली. इंदुमतीबाई दीड वर्ष अंथरुणाला खिळून होत्या. हळब्यांनी एकट्यानं केलं सगळं. मुलगी, केतकी, नागपूरला असते. ती म्हणाली, बाबा, मी महिनाभर रजा काढून येते. हे म्हणाले, तू तुझा संसार बघ, मी समर्थ आहे. बाईंच्या बहिणीनं विचारलं, तिलाही नाही म्हणाले. नर्स ठेवली नाही की आया ठेवली नाही. लोक वाखाणायचे, असा नवरा मिळायला पुण्य लागतं म्हणायचे. बाई काय म्हणत होत्या ते कुणी विचारलं नाही.

बाई गेल्या. घर मोठं झालं.

आणि वयाच्या सहासष्टाव्या वर्षी हळब्यांनी कॉलेजात नाव घातलं. विषय कुठला, तर वार्धक्यशास्त्र. जेरोंटॉलॉजीची एक वर्षाची पदविका. माणूस म्हातारा कसा होतो, का होतो, हाडं कशी झिजतात, झोप का उडते, आठवण कुठनं गळायला लागते, सगळं पुस्तकात मांडून ठेवलेलं. हळब्यांचा हिशेब साधा होता. म्हातारपण येणार आहे ना? मग आधीच माहिती काढून ठेवू, म्हणजे ऐन वेळी फसगत नको.

वर्गात सगळ्या बाविशीतल्या मुली. काका काका करायच्या. जिन्यात कुणी पिशवी धरायला हात पुढं केला की हळबे पिशवी दुसऱ्या हातात घ्यायचे. पण अभ्यासात एकदम तरबेज. पहिल्या सत्रात पहिला नंबर.

एक गोष्ट मात्र त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. आपण सांगून टाकू, कारण तिच्यावाचून पुढचं कळायचं नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी हळबे न्हाणीघरात पाय घसरून पडले. सात वाजले होते. कंबर अशी धरली की हलता येईना. फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावलेला. तो दोनदा वाजला आणि थांबला. नळ ठिबकत होता. फरशी गार. हळबे तिथं पाच तास पडून होते.

बाराच्या सुमारास कसेबसे भिंतीला धरून उठले. कपडे बदलले, दोन गोळ्या घेतल्या, रिक्षा केली आणि दोन वाजता परीक्षेला जाऊन बसले. चौथा प्रश्न सोळा मार्कांचा होता. वृद्धांचे पडणे, कारणे आणि प्रतिबंध. हळब्यांनी तीन पानं लिहिली. वर्गात सगळ्यांत जास्त, चौदा मार्क मिळाले.

आणि रविवारी केतकीचा फोन आला तेव्हा म्हणाले, मी एकदम ठणठणीत.

तेव्हापासून कंबर वाकत नव्हती. केतकी दर रविवारी विचारायची, बाबा, मी येऊन जाऊ का चार दिवस? ती आली असती तर तिच्या लक्षात आलं असतं. म्हणून हे दर रविवारी काहीतरी काढायचे. चाचणी आहे. प्रकल्प आहे. ऊन फार आहे, मुलांना त्रास होईल. मागच्या रविवारी तिनं विचारलंच नाही. जेवलात का, औषधं घेता का, बरं ठेवते, एवढंच बोलली.

हळब्यांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण फोन हातात धरून ते बराच वेळ तसेच बसले. त्यांना फार एकटं वाटलं, आणि ते एकटं वाटणं कुठल्या चौकटीत बसवायचं ते त्यांना कळेना.

तर असे हे हळबे प्रकल्पासाठी डोहगावला आले होते. प्रकल्पाचा विषय त्यांनीच निवडलेला, निराधार वृद्धांचे स्वावलंबन. मुक्काम सहा दिवस. आल्या दिवशीच त्यांनी बुवांना बजावलं की मी पाहुणा आहे, माझं मी बघेन. बुवा बरं म्हणाले. मग हळबे सगळ्यांच्या आधी उठून दार लावून आंघोळ करायचे. पंगतीत शेजारच्याचा घास पुढं आला की हात जोडायचे. पायांत सदा मोजे. चैत्राचं ऊन, ओसरीची फरशी भाजतेय, सगळे अनवाणी, आणि हळबे मोज्यांत.

सहा कामांचा कागद संपला. हळब्यांनी दुसरा काढला. तो एकटेपणाचा होता.

“गेल्या आठवड्यात तुम्हाला एकटं वाटलं का? कधीच नाही, क्वचित, बऱ्याचदा, सतत. यातलं एक सांगा.”

बुवा कागदाकडं बघत राहिले. त्यांना वाचता येत नव्हतं, पण बघत राहिले.

“तुम्ही भरलाय का हा?”

“मी अभ्यासक आहे. अभ्यासकानं भरायचा नसतो.”

“हं...”

“तुमचं उत्तर, बुवा?”

“सकाळी वाटतं,” बुवा म्हणाले. “अंगावर पाणी पडेस्तोवर.”

पुन्हा चौकट नाही. हळब्यांनी ‘क्वचित’वर खूण केली आणि कागद मिटला. मग त्यांना राहवलं नाही. माणूस शहाणा असला की त्याला गप्प बसवत नाही.

“बुवा, रागावू नका. पण शास्त्र सांगतं, की जे काम माणूस करत नाही, त्याची ताकद जाते. तुम्ही माणसांना पांगळं करताय. उद्या हे सगळे गेले आणि तुम्ही एकटे उरलात, तर तुमची नखं कोण काढील?”

“कुणी नाही.”

“मग?”

“वाढतील.”

एवढं बोलून बुवा उठले आणि म्हशीकडं गेले. हळब्यांना वाटलं, वादात आपण जिंकलो. पण जिंकल्यासारखं काही आत होईना.

दुसऱ्या दिवशी बुधवार. बुधवारी दुपारची जेवणं झाली की मठातली माणसं नखं काढायला ओसरीवर बसायची. कोमट पाण्याचं एक तपेलं, दोन नेलकटर, आणि जाड नखांसाठी एक जुनी नराणी. ज्याला जो सापडेल त्याचे पाय तो ओढून घ्यायचा. मग गप्पा. कुणाची टाच फुटलीय, कुणाला कुरूप झालंय, कुणाचा अंगठा बैलानं तुडवला होता त्याची तीच गोष्ट पुन्हा. सिदगोंडाला गुदगुल्या व्हायच्या. तो एवढा थोरला गडी पाय आखडून घ्यायचा आणि म्हातारे त्याला दामटून धरायचे.

हळबे खुर्चीवर वही घेऊन बसले होते. निरीक्षण लिहीत होते. लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला, कारण इंदुमतीबाईंची नखं त्यांना आठवली. शेवटी शेवटी त्याही पाय आखडून घ्यायच्या. हळबे म्हणायचे, हलू नकोस. त्या हसायच्या नाहीत.

तेवढ्यात बुवा समोरच्या कट्ट्यावर येऊन बसले आणि त्यांनी आपली टाच सरळ हळब्यांच्या गुडघ्यावर ठेवली.

“आमची काढा.”

हळबे गडबडले. पण हे त्यांना येत होतं. वही बाजूला ठेवली, नराणी घेतली. नखं सरळ कापायची, कोपरे गोल करायचे नाहीत, नाहीतर नख मांसात घुसतं. वय झालं की नख जाड का होतं, पायाची जाणीव का कमी होते, जखम का चिघळते, सगळं त्यांनी कापता कापता समजावून सांगितलं. म्हातारे माना डोलावत होते. हळब्यांचा आवाज चढला. बऱ्याच दिवसांनी त्यांना बरं वाटत होतं.

दहाही बोटं झाली. बुवांनी पाय उचलून न्याहाळला.

“छान काढलीत.”

“सवय आहे.”

“आता तुमची.”

हळब्यांनी नराणी खाली ठेवली.

“माझी मी काढतो.”

बुवांनी नुसता हात पुढं केला, मोज्यांकडं. हळब्यांनी पाय खुर्चीखाली ओढले. ओसरीवरच्या गप्पा एकेक करून थांबल्या.

“बुवा, तुम्ही वयानं मोठे. मठाचे गुरू. तुम्ही माझ्या पायाला हात लावायचा म्हणजे... मला पाप लागेल.”

“मी तुमच्या गुडघ्यावर टाच ठेवली. मला लागलं का?”

“तुमची गोष्ट वेगळी.”

“कशी?”

हळब्यांना राग आला. बाजारात कुणी उलटून बोललं की यायचा तसाच. मी इथं अभ्यासाला आलोय, चेला व्हायला नाही, असं ते तोडून म्हणाले. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. उठताना कंबरेत कळ आली ती दातांखाली दाबली. आणि ताठ चालत खोलीत गेले.

चारची एसटी होती. हळब्यांनी कागद गोळा केले, पट्ट्या भरल्या, टॉवेल कोंबला. प्रकल्प गेला खड्ड्यात. सात माणसं, सातही परावलंबी, असला निष्कर्ष कॉलेजात दाखवायचा तरी कसा? दुसरा एखादा वृद्धाश्रम बघू. तिथं रीतसर लोक असतात.

मग ते खाटेवर बसले आणि बूट घालायला गेले. बूट घालायला घरून आणलेलं लांब दांड्याचं शिंगटं पिशवीत तळाशी गेलं होतं. वाकून काढता येईना. उजव्या बुटात पाय सरकवला तसा अंगठा असा ठणकला की डोळ्यांपुढं अंधारी आली. पाय बाहेर काढला. मोज्याच्या टोकाला रक्त दिसलं.

पहिल्या मजल्यावरून पडलं तरी न रडणारा माणूस. तो खाटेवर बसून त्या मोज्याकडं बघत राहिला. हात गुडघ्यापर्यंत जात होते. पुढं जात नव्हते. मोजेसुद्धा ते त्या शिंगट्यानंच कसेबसे ओढून चढवायचे. आपलाच पाय, वीतभर लांब, आणि गाठता येत नाही. दोन महिने असंच चाललं होतं. न्हाव्याकडं जावं तर तो ओळखीचा, पायाची नखं कशी विचारायची? डॉक्टरकडं जावं तर तो विचारील, वाकता का येत नाही? शेजारी जोशी आहेत, त्यांना तर नाहीच. आणि केतकीला... छे.

दार ढकललं गेलं.

बुवा आत आले. एका हातात तपेलं, दुसऱ्यात नराणी आणि हळदीची पुडी, खांद्यावर पंचा. बरोबर कुणी नाही. त्यांनी दार मागं लोटलं, तपेलं खाटेपाशी ठेवलं, आणि खाली मांडी घालून बसले.

बाहेर ओसरीवर सिदगोंडा हसला. मग तोही आवाज लांब गेला.

“एसटी चुकेल माझी,” हळबे म्हणाले.

“चुकेल.”

हळब्यांनी पिशवीचा बंद ओढला.

“पाणी निवतंय,” बुवा म्हणाले.

हळब्यांनी भिंतीकडं बघितलं. छताकडं बघितलं. आणि मग, कसा कोण जाणे, त्यांचा उजवा पाय एक इंचभर पुढं सरकला. बास, एवढाच.

बुवांनी तो उचलून मांडीवर घेतला. मोजा ओढला नाही. त्याच्यावर ओंजळीनं कोमट पाणी सोडलं, रक्त भिजू दिलं, आणि मग लहान मुलाचं कपडं उतरवावं तसा हळूहळू सोडवला.

अंगठ्याचं नख वाढून, वळून, शेजारच्या बोटात रुतलं होतं. बाकीच्यांचीही तीच गत. हळब्यांनी मान फिरवली. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बत्तीस वर्षं ज्यांनी दुसऱ्यांची मापं काढली, त्यांचं माप असं उघडं पडलं होतं.

बुवा अरेरे म्हणाले नाहीत. हे काय करून ठेवलंत, असंही म्हणाले नाहीत. पाय पाण्यात बुडवला आणि हातानं धरून ठेवला.

“वाकता येत नाही?”

“नाही.”

“कधीपासून?”

“फेब्रुवारी.”

“पडलात?”

हळब्यांना पडणे या विषयावर तीन पानं लिहिता येत होती. कारणं अकरा, प्रतिबंधाचे उपाय नऊ, सगळे पाठ. पण आता तोंडातून त्यातलं एक अक्षर निघेना. बुवांचा हात पाण्यात होता आणि पाय त्या हातात होता. दोन महिन्यांत कुणी त्यांना हात लावला नव्हता. दोन महिने कशाला, इंदुमतीबाई गेल्यापासून कुणी लावला नव्हता. परीक्षेत नंबर आला तेव्हा मॅडमनी हस्तांदोलन केलं होतं, तेवढंच.

“हो. पडलो,” ते म्हणाले.

आणि मग त्यांनी सांगितलं. घसरले कसे, कंबर धरली कशी. फोन वाजला तो केतकीचाच होता, सहज केला होता तिनं. नळ ठिबकत होता तो मोजत होते, हजारापर्यंत मोजलं आणि सोडून दिलं. अकराच्या सुमारास आपण मरणार असं वाटलं, आणि मग वाटलं, निदान अंगावर टॉवेल तरी असायला हवा होता. हे सगळं हळबे एका सुरात सांगत होते, अहवाल वाचून दाखवावा तसं. बुवा नख भिजलंय का ते अंगठ्यानं दाबून बघत होते.

“पाच तास,” बुवा म्हणाले.

“पाच तास.”

“शेजारी घर नाही?”

“आहे. जोशी आहेत. भिंतीला भिंत. त्यांचा रेडिओ ऐकू येत होता.”

“मग हाक मारली असेल.”



बुवांनी नराणी उचलली. पहिलं नख धरलं. करकर आवाज झाला. तुकडा जमिनीवर पडला.

“नाही,” हळबे म्हणाले.

“आवाज निघत नव्हता?”

“निघत होता.”

“मग?”

दुसरं नख. तिसरं. रुतलेल्या नखाशी बुवा थांबले, फुंकर घातली, आणि टोकाकडून हळूहळू उचलू लागले. दुखलं. हळब्यांनी पाय आखडून घेतला नाही.

“त्यांना ऐकू जाईल म्हणून,” हळबे म्हणाले.

आणि हे शब्द कानावर पडले तेव्हा त्यांना स्वतःलाच ते पहिल्यांदा कळले. त्यांचे खांदे हलायला लागले. चष्मा काढून हातात धरला आणि ते रडले. सहासष्ट वर्षांचा माणूस, पिशवी भरलेली, एका पायात मोजा. बायको गेली तेव्हा इतके रडले नव्हते, कारण तेव्हा घरात माणसं होती.

बुवांनी काम थांबवलं नाही. रुतलेलं नख निघालं. त्यांनी जखम पाण्यानं धुतली, चिमूटभर हळद दाबली.

“बुवा, बायकोचं सगळं मी एकट्यानं केलं. तिच्या बहिणीला येऊ दिलं नाही, केतकीला येऊ दिलं नाही. ती एकदा म्हणाली होती, केतकीला बोलवा ना, मला तिच्याकडून वेणी घालून घ्यायचीय. मी म्हटलं, मी घालतो की. आणि घातली. मला येत होती घालायला...”

बुवा अंगठ्यावरची हळद बोटानं दाबून धरत होते.

“आता पोरगी मला विचारायची, येऊ का? दर रविवारी. मी नाही म्हणत गेलो. मला वाटायचं, मी तिला सोडवतोय. मागच्या रविवारी तिनं विचारलं नाही. येत्या रविवारी कदाचित फोनही करायची नाही. करेल, पण...”

बाहेर फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. थांबली असेल, कुणी चढलं असेल. आवाज निघाला आणि पुलाकडं गेला. दोघांनीही तिकडं लक्ष दिलं नाही.

“बुवा, मी वर्षभर शिकलो. म्हातारपणाचं सगळं पुस्तक पाठ आहे मला. पण पोरीला हे कसं सांगायचं, ते त्यात नाही. कुठून सुरू करू? काय म्हणू तिला?”

बुवांनी खांद्यावरचा पंचा काढला. बोट न् बोट पुसलं, बोटांच्या बेचक्यासुद्धा पुसल्या, आणि पाय उचलून अलगद जमिनीवर ठेवला. मग तपेलं जवळ ओढलं, पाण्यात हात घालून बघितलं. अजून कोमट होतं.

हळबे उत्तराची वाट बघत होते.

बुवांनी वर पाहिलं.

“दुसरा पाय दे.”